कमी धोक्याचा माणूस

१४ फेब्रुवारी

संध्याकाळी बिश्केकहून परतलो. डोलोन घाटात भुरभुर बर्फ, आमच्या नारीनमध्ये उणे अठरा, आकाश स्वच्छ. चौतीस वर्षं हवामान केंद्रावर काढलेल्या माणसाची नोंद तापमानाशिवाय सुरू होत नाही. पण आजची खरी नोंद वेगळी आहे. माझी जनुकं उत्तम आहेत. तसा कागदच मिळालाय.

क्रमाने लिहितो. डिसेंबरात माझ्या मूत्राशयातली गाठ नळी घालून खरवडून काढली. कर्करोगाची निघाली, पण वरवरची. माझी हकीकत ऐकून आमचे व्याही एसेनकुल म्हणाले, "मलाही वर्षभर लघवीला लाल होतंय, म्हटलं होईल आपोआप बरं." त्यांचीही निघाली. तशीच, जवळजवळ तेवढीच. आमची अयझान त्यांच्या घरात दिल्यापासून हे असंच आहे. मी अंगणात जर्दाळू लावला की आठवड्यात त्यांच्याकडे जर्दाळू.

डॉ. मेरिम ही बिश्केकच्या रुग्णालयातली तरुण डॉक्टरीण. काढलेल्या गाठीचा तुकडा घ्यायचा, त्यातल्या जनुकीय खुणा तपासायच्या आणि कुणाची गाठ परत येईल, कुणाची आत शिरेल याचं भाकीत करायचं, असा तिचा अभ्यास चाललाय. म्हणजे आमच्याच धंद्यातली म्हणायची.

आम्हा दोघांना तिने शेजारी शेजारी बसवलं. मला म्हणाली, "काका, तुमच्या गाठीत सापडलेली खूण बहुतेक शांत गाठींमध्ये असते. तुमचा धोका कमी आहे." मग व्याह्यांकडे वळली. "तुमच्या गाठीत मात्र पेशींना लगाम घालणारं जनुकच बिघडलंय. धोका जास्त. औषध लगेच सुरू करू, आणि दर तीन महिन्यांनी आत बघू."

"म्हणजे मी मरणार आणि हे राहणार?" व्याही म्हणाले.

"असं नाही हो. तुमच्यासारखे शंभर लोक घेतले, तर त्यातले..."

"शंभर कुठून आणू, बाई? आम्ही दोघंच आलोय. आमचं बोला."

मी तिला सांगितलं की मला नवल वाटलं नाही. आमच्या सात पिढ्यांची नावं मी झोपेतही सांगू शकतो, त्यातला एकही ऐंशीच्या आत गेलेला नाही. ती म्हणाली, "काका, ही तुमच्या घराण्याची जनुकं नाहीत. गाठीची आहेत. गाठीत नंतर झालेले बदल आहेत हे."

"गाठ कुणाची?"

"तुमची."

"मग झालं तर."

तिने फाईल मिटली. विद्वान माणसाला सोपी गोष्ट कधी कधी दुसऱ्याने सांगावी लागते.

परत येताना गाडी व्याह्यांनीच चालवली. आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस, दुसऱ्याच्या हाती चाक देत नाही. वाटेत गाणी म्हणत होते. मी साथ दिली नाही. अशा माणसापुढे आपला आनंद दाखवू नये.

१६ फेब्रुवारी

कलीपाने कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "यात पुन्हा कधी जायचं ते लिहिलंय. मार्चमध्ये, मग सप्टेंबरमध्ये."

"ते सगळ्यांनाच लिहितात."

"अहो, पण तुम्हालाही लिहिलंय ना?"

बायकोला कागदातलं महत्त्वाचं काय ते कळत नाही. मी 'धोका कमी' या शब्दांखाली रेघ मारून कागद कपाटाच्या काचेत लावला. शेजारचा सापार्बेक आला, त्याला दाखवला. त्याला वाचता येतं पण चष्मा नव्हता, म्हणून मीच वाचून दाखवला.

आज दोन सिगारेटी ओढल्या. डिसेंबरात सोडल्या होत्या, पण ते निकाल यायच्या आधीचं.

३ मार्च

उणे सहा, ढगाळ. व्याह्यांचे उपचार सुरू झाले. दर आठवड्याला बिश्केकला जायचं, क्षयाची लस म्हणे मूत्राशयात सोडतात, दोन तास धरून ठेवायची. त्यानंतर दोन दिवस ताप आणि मिनिटामिनिटाला लघवीला धाव. मी घोड्याचं मांस आतड्यात भरून केलेली काझी आणि थोडं सुकं दही घेऊन भेटायला गेलो. अंथरुणात पडले होते, मिशाही मलूल पडलेल्या.

"काय म्हणतात उत्तम जनुकं?" त्यांनी विचारलं.

"ठीक आहेत."

"त्यांना सांभाळा. आमच्या घरात तेवढीच एक चांगली चीज आली आहे, अयझानमार्फत."

आजारी माणूस आहे म्हणून मी मनावर घेतलं नाही. सिगारेट पुढे केली तर म्हणाले, "सोडली." मला वाईट वाटलं. जे व्हायचं ते त्यांच्या कागदावर लिहिलेलं आहे, मग उरलेल्या दिवसांत तरी सुख का घेऊ नये?

२२ मार्च

काल नवरोज. सूर्य छान होता, उणे दोन, छपरांवरून पाणी ठिबकत होतं.

परवा बिश्केकला जाऊन तपासणी करून आलो. पुरुषाच्या कोणत्या वाटेने नळी घालतात ते इथे लिहीत नाही. पडद्यावर डॉक्टरणीने मला माझं मूत्राशय दाखवलं: गुलाबी, स्वच्छ, एकही डाग नाही. "छान," ती म्हणाली. "सप्टेंबरमध्ये भेटू."

भेटेल कोण? भाकीत बरोबर आलं, विषय संपला. आमच्या केंद्रावरही उद्या ऊन म्हणून सांगितलं आणि ऊन पडलं, की परवा कुणी पुन्हा येऊन विचारत नसे.

११ मे

अयझान भांडून गेली. चूक तिची आहे. मी फक्त एवढंच विचारलं की बेगिमायला (माझी नात, अकरा महिन्यांची) डॉक्टरकडे नेऊन तिच्या अंगात आमची जनुकं जास्त आहेत की व्याह्यांची, हे तपासता येईल का.

"बाबा, म्हणजे काय?"

"म्हणजे आधीच माहीत असलेलं बरं."

"सासऱ्यांनी काल ताप असताना तिला दोन तास पाठीवर घेऊन फिरवलं. तुम्ही तिला शेवटचं कधी उचललंत?"

याचा जनुकांशी काय संबंध, मी विचारलं. ती पोरीला गुंडाळून निघून गेली. कलीपा म्हणाली, "तुम्ही जरा गप्प बसायला शिका." पस्तीस वर्षांत तिने इतकं स्पष्ट कधी सांगितलं नव्हतं. उन्हाळा लवकर येणार असं दिसतं, माणसं चिडकी झाली आहेत.

१८ जून

अधिक चोवीस, वारा पश्चिमेचा, मंद. समारंभाला याहून चांगली हवा मागूनही मिळाली नसती.

बेगिमाय चालायला लागली, म्हणून तिच्या पायांतली दोरी कापायचा थाट व्याह्यांच्या अंगणात केला. पोरीच्या घोट्यांना काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधतात, माणसं लांबून धावत येतात, जो पहिला पोचेल तो दोरी कापतो, आणि त्याचे गुण पोरीच्या पायांत उतरतात असं मानतात. आधी मुलं धावली. मग कुणीतरी ओरडलं, "आता आजोबांना धावू द्या!" तो मीच ओरडलो होतो, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

आम्ही दोघं उभे राहिलो. व्याही ट्रकवाले, पाय लांब. पहिल्या पन्नास पावलांत पुढे गेले. मला वाटलं संपलं. पण दोरीच्या अलीकडे ते एकदम वाकले आणि बुटाची नाडी बांधायला लागले. शर्यतीच्या मध्यात! मी त्यांच्या शेजारून निघून गेलो आणि कात्री उचलली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बेगिमाय दोन पावलं टाकून माझ्या गुडघ्यावर आदळली, मी तिला उचलून घेतलं. सर्वांसमोर. अयझान डोळे पुसत होती, म्हणजे राग गेला.

व्याही धापा टाकत आले. "तुमच्यापुढे कोण टिकणार, व्याहीबुवा," म्हणाले.

मला त्यांची कीव आली. त्यांचे बूट बिननाडीचे होते हे मला नंतर आठवलं. भ्रम व्हायला लागला असावा. औषधांचा परिणाम.

२० जून

सकाळी लघवी लालसर. समारंभात बिटाची कोशिंबीर दोन वाट्या खाल्ली होती. शिवाय सदुसष्टाव्या वर्षी एवढं धावलो. दुपारपर्यंत स्वच्छ.

कलीपाने विचारलं, "मोरीत लाल काय सांडलं होतं?"

"बीट."

१४ जुलै

सोन्-कुल तळ्याकाठच्या कुरणावर सापार्बेकच्या मेंढपाळांकडे चार दिवस राहिलो. रात्री पारा तीनपर्यंत, दिवसा ऊन. घोडीच्या दुधाचं आंबट कुमिस भरपूर. घोड्यावर रोज दोन तास. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल, आणि या वेळी बीट नव्हतं. घोड्याच्या खोगिराने असं होतं. सापार्बेकला विचारलं, तर त्याच्या काकालाही होत असे म्हणाला. काका जिवंत आहेत का ते विचारायचं राहून गेलं.

परत आलो तर कलीपा अंगणात फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती. मला पाहून म्हणाली, "विहीणबाई. लोणच्याचं विचारत होत्या." हल्ली यांचं लोणचं बरंच चाललंय. आठवड्यातून तीनदा फोन.

९ सप्टेंबर

अधिक चौदा, पहाटे धुकं. आज बिश्केकला जायची तारीख होती. गेलो नाही.

कलीपाने काल संध्याकाळपासून तोंड फुगवलंय. मी तिला समजावलं: जायचे सहा तास, यायचे सहा तास, वर ती नळी. ज्याला धोका त्याने जावं. कपाटातल्या कागदाकडे बोट दाखवलं.

"शून्य लिहिलंय का त्यात?" तिने विचारलं.

"कमी लिहिलंय."

"मी तेच म्हणतेय."

यावर मी तिला माझी जुनी गोष्ट सांगितली. सामुदायिक शेतीचा तो संचालक, ज्याने मी पावसाची शक्यता दहा टक्के सांगितल्यावर सगळं गवत एकदम कापून उघड्यावर टाकलं. पाऊस आला. तो केंद्रावर येऊन टेबलावर मुठी आपटत ओरडला, आणि मी त्याला शांतपणे सांगितलं, दहा टक्के म्हणजे दहा टक्के, नाही असं नव्हे. अडाणी माणूस, त्याला कळलंच नाही. ही गोष्ट मी आत्ता का सांगितली ते मलाही नीट कळलं नाही. विषय बदलावा म्हणून असेल.

लाल रंग हल्ली अधूनमधून येतो. जर्दाळूचं, प्लमचं, कसलं ना कसलं सरबत चालूच असतं.

२५ सप्टेंबर

व्याही आले. बसले, चहा घेतला, तळलेल्या बोरसोक पावाचा तुकडा मधात बुडवून तसाच हातात धरून ठेवला. मग म्हणाले, "व्याहीबुवा, एक काम होतं. परवा मला तपासणीला जायचंय. एकट्याला धीर होत नाही."

"तुम्हाला?"

"मला. आत काय दिसेल कोण जाणे. तुमच्यासारखा चांगल्या जनुकांचा माणूस शेजारी असला तर बरं वाटेल."

एके काळी भर जानेवारीत डोलोन घाट, ब्रेक निकामी, मागे ट्रकभर कोळसा, असा उतरलेला हा माणूस! मृत्यूची चाहूल लागली की माणूस असा लहान होतो. नाही कसं म्हणणार? मी हो म्हटलं.

कलीपाला सांगायला आत गेलो तर तिने माझी पिशवी भरूनच ठेवली होती. त्यात पायजमा, सपाता, ओळखपत्र, टॉवेल.

"एका दिवसासाठी सपाता कशाला?"

"बिश्केकला फरशा गार असतात."

२७ सप्टेंबर

लिहायला हात होत नाही, पण लिहितो.

बिश्केकमध्ये वीस अंश होते. रुग्णालयाच्या दारात परिचारिका व्याह्यांना म्हणाली, "अहो एसेनकुल काका, तुम्ही आज कसे? तुमची पाळी तर पुढच्या महिन्यात." ते म्हणाले, "पोरी, भीतीला कुठे तारीख कळते?" बिचारे दिवसही विसरलेत, असं मला वाटलं. मी त्यांचा हात धरून बाकावर बसवलं.

डॉ. मेरिम बाहेर आली आणि आधी माझ्याकडेच आली. "काका, तुम्ही आलाच आहात तर बाटलीत थोडी लघवी देता का? अभ्यासाला तुमच्यासारख्यांची फार गरज असते." मला बरं वाटलं. दिली. बाटली तिने उजेडात धरली आणि मला आत नेलं.

पडदा या वेळी गुलाबी नव्हता. डाव्या बाजूला कोबीच्या गड्ड्यासारखं काहीतरी, त्यातून धागा सुटावा तसं रक्त.

"हे कधीपासून?" तिने विचारलं.

"रक्त नाही ते. बीट..."

"जूनपासून," दारातून व्याही म्हणाले.

त्यांना कुठून कळलं देव जाणे. दारात उभं राहून दुसऱ्याचं ऐकायची त्यांची सवय जुनीच आहे.

६ ऑक्टोबर

त्या दिवशी घेतलेल्या तुकड्याचा निकाल आला. गाठ स्नायूत शिरली आहे. आता खरवडून भागणार नाही. मूत्राशयच काढावं लागेल. मग आतड्याच्या तुकड्याचा मार्ग करून पोटावर तोंड, आणि त्याला पिशवी.

मी ओरडलो. टेबलावर मुठी आपटल्या. "तुम्ही लिहून दिलं होतं! धोका कमी! सहीनिशी!"

डॉ. मेरिम हलली नाही. "काका, तुमच्या गाठीत ज्या खुणा होत्या, तशा शंभर माणसांपैकी शहाण्णव-सत्त्याण्णव जणांचं काही वाईट झालं नाही. तिघा-चौघांचं होतं. त्यांत कोण असेल ते मला आधी सांगता येत नाही. म्हणून तर तारखा देतो."

"मग ते सत्त्याण्णव कुठे आहेत? मला एक तरी दाखवा."

"ते घरी आहेत, काका."

"आणि मला आता कुठे लिहिणार? चुकलेल्यांच्या रकान्यात?"

"चुकलेल्यांचा रकाना नाहीये. शंभरात तुम्हाला आधीपासूनच धरलं होतं." एवढं बोलली आणि तिचे डोळे भरले. ती अयझानपेक्षा वर्षा-दोन वर्षांनीच मोठी असेल. मग मीच तिला म्हटलं, चहा घ्या, सकाळपासून उभ्या आहात.

बाहेर आल्यावर त्या संचालकाची आठवण झाली. तोही असाच ओरडला होता. पण त्याचं फक्त गवत होतं. माझं वेगळं आहे.

११ ऑक्टोबर

भीती वाटते.

एवढं लिहिल्यावर लक्षात आलं की आज तापमान बघितलंच नाही.

१५ ऑक्टोबर

उद्या शस्त्रक्रिया. खिडकीतून चिनार दिसतो, पानं पिवळी, अधिक अकरा.

कलीपा दिवसभर माझी बोटं धरून बसली होती. मी तिला म्हटलं, "कागद कपाटातून काढून टाक." ती म्हणाली, "कधीच काढला. तुम्ही कुरणावर गेला होतात तेव्हा." म्हणजे जुलैपासून मी रिकाम्या काचेकडे बोट दाखवत होतो! आणि सप्टेंबरमध्ये ती काही बोलली नाही. मी विचारलं, का नाही बोललीस? "बोलून तुम्ही कधी ऐकलंत?" आणि माझ्या कपाळावर हात ठेवला. तिचा हात गार होता आणि मला तो काढू द्यावासा वाटेना.

व्याही दुपारी आले. डबाभर शोर्पो, मटणाचं सूप, आणला, जो मला आज चालत नाही, म्हणून माझ्यासमोर बसून स्वतः प्यायले. त्यांची तपासणी स्वच्छ आली आहे, तिसऱ्यांदा. धोका जास्त असलेला माणूस!

"व्याहीबुवा," मी म्हटलं, "आपले कागद कुणी अदलाबदल तर केले नाहीत ना?"

"मीही डॉक्टरणीला तेच विचारलं. म्हटलं, असतील तर आता परत अदलाबदल करून टाका, यांना माझा चालेल."

"असं बोलू नका."

"का? माझ्या कागदाने मला बरं सांभाळलं. इतकं घाबरवलं की एक तारीख चुकवली नाही."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मी विचारलं, "मला काही झालं तर बेगिमायला..." त्यांनी पुढचं बोलू दिलं नाही. "काही झालं तर तुम्हाला नवी पिशवी मिळेल. आम्हाला गाडी थांबवून बर्फात उभं राहावं लागतं, तुम्ही बसल्या बसल्या मोकळे." मी हसलो, आणि हसताना रडलो. त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं, आणि मिशा पुसत राहिले. शोर्पो लागला असेल.

९ नोव्हेंबर

घरी. उणे पाच, पहिला बर्फ टिकला.

पोट शिवलेल्या गोणपाटासारखं दिसतं. उजवीकडे पिशवी. पहिले दोन दिवस तिच्याकडे बघवत नव्हतं, कलीपानेच बदलली. आता मी स्वतः बदलतो आणि अचूक बदलतो, मोजमापाचं काम आहे, मला जमतं. डॉक्टरीण म्हणाली, कापलेल्या कडा स्वच्छ, ग्रंथी स्वच्छ, कुठे पसरलेलं नाही. "नव्या गाठीच्या खुणाही तपासल्या आहेत. ऐकायचंय का?"

मी विचारलं, "पुढची तारीख कधी?"

"जानेवारीत."

"तेवढं पुरे."

अयझान बेगिमायला घेऊन आली होती. पोर पिशवीला हात लावायला धावली, अयझान ओरडली. मी म्हटलं, लावू दे. तिने बोट लावून बघितलं, गरम लागलं, तेव्हा खुदकन हसली.

अंथरुणात पडल्या पडल्या विचार करतो. त्या दिवशी मी व्याह्यांना धीर द्यायला गेलो नसतो, तर माझी गाठ कुणी बघितलीच नसती. आणखी दोन महिने गेले असते तर डॉक्टरीण म्हणाली तसं काहीच करता आलं नसतं. दुसऱ्याचं भलं करायला गेलं की आपलंही होतं, हेच खरं. कलीपाला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "हो ना," आणि पिठाचे हात धुवायला गेली.

१२ डिसेंबर

उणे एकवीस. डोलोन उघडा, पण निसरडा.

परवा विहीणबाईंचा फोन कलीपाला आला, या वेळी रडत. व्याही तपासणीला जायला तयार नाहीत. चार दिवस लाल होतंय, कुणाला सांगितलं नाही, तिने चादरीवर बघितलं. विचारलं तर म्हणे, "मला माहीत आहे काय निघणार, कागदावर लिहिलंय."

कलीपा माझ्याकडे बघत होती. मी कोट चढवला.

व्याही चुलीजवळ बसले होते, दाढी वाढलेली. गाणं नाही, चेष्टा नाही. सरळ आजाराची गोष्ट काढली असती तर मला हाकलून दिलं असतं. पण माणसं ओळखणं हा माझा जुना धंदा. एक युक्ती सुचली.

"व्याहीबुवा," मी म्हटलं, "एक काम होतं. पिशवीच्या तोंडाशी जरा दुखतंय. बिश्केकला दाखवायला हवं. पण खरं सांगू? एकट्याला धीर होत नाही."

दुखतबिखत काही नव्हतं.

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं, पकडलं. मग एकदम हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, विहीणबाई पाणी घेऊन धावत आल्या, तर व्याही त्यांच्याकडे बोट दाखवत पुन्हा हसले. मग उठून बूट शोधायला लागले.

"चला," म्हणाले. "तुम्हाला एकट्याला सोडून कसं चालेल."

काडीचा संशय आला नाही त्यांना.

रस्ताभर सावकाश गेलो. डॉक्टरणीने त्यांच्या मूत्राशयात लाल चट्टे बघितले, तुकडा घेतला. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. ते बाहेर आले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता, आणि शेजारी बसून त्यांनी माझा कोपर घट्ट धरला. मी तो हलवला नाही. धरू दिला.

२३ डिसेंबर

उणे सतरा, निरभ्र.

निकाल आला. कर्करोग नाही. त्या क्षयाच्या लसीनेच आतून सुजून चट्टे येतात, कधी कधी उशिरा, रक्तही येतं. औषध दिलंय. मार्चमध्ये पुन्हा.

व्याही आणि विहीणबाई जेवायला आले होते. ते पुन्हा गायला लागलेत. मोठ्याने, बेसूर. निरोप देताना त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "व्याहीबुवा, मार्चमध्ये तुमचं काही दुखणार आहे का?"

"दुखेल," मी म्हटलं.

ते गेल्यावर भांडी आवरताना कलीपाला मी सगळी युक्ती पहिल्यापासून सांगितली: ती कशी सुचली, 'एकट्याला धीर होत नाही' हे वाक्य मी कसं अगदी विचार करून वापरलं, आणि ते कसे फसले. कलीपा ऐकत होती. मग एकदम पाठ फिरवून चुलीकडे वळली आणि डोक्याचा रुमाल तोंडावर धरला. तिचे खांदे हलत होते.

मी जवळ जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, रडू नकोस, त्यांना काही कळलं नाही.